'डी'मध्ये टाक, आई!

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, मग तो गणपती असो की संक्रांत, जेवणाच्या रांगेत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "इंडियाला कधी जाऊन आलात?" हा पहिला. "मुलं काय करतात?" हा दुसरा. बहुतेकांना दोन्ही सोपे जातात. डॉक्टर, डेंटिस्ट, लंडनला बँकेत, असं एका शब्दात सांगून माणसं पुरीभाजीकडे वळतात. आमच्या लेकीच्या बाबतीत मीही तेच करते. ती फार्मसिस्ट आहे, लीड्सला असते. चिरंजिवांचा विषय निघाला की मात्र माझ्या हातातली ताटली जरा जड होते. दोन वर्षं इंजिनियरिंग शिकून त्याने युनिव्हर्सिटी सोडली आणि इथे कॉव्हेंट्रीतच एका टायरच्या दुकानात नोकरी धरली. हे एका शब्दात कसं सांगायचं?

गेल्या वर्षी मात्र मी सरळ उत्तर दिलं, "तो आमच्या गाडीचा मेंदू बदलतोय." विचारणाऱ्या वहिनी खळखळून हसल्या. विनोद नव्हता हो! त्याचीच ही हकीगत. 'मला गाड्यांमधलं काही कळत नाही' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी पान उलटू नये. मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं; मलाही काही कळत नव्हतं.

आधी गाडीची ओळख करून देते. १९९३ सालची व्होल्वो ९४०, इस्टेट, टर्बो आणि ऑटोमॅटिक. आम्ही ती १९९८ मध्ये सेकंडहँड घेतली. ज्यांनी ही गाडी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, तिच्या अंगावर एक गोल रेघ म्हणून नाही. सरळ खोकंच. पण त्या खोक्यात काय काय मावलंय म्हणून सांगू! मंडळाची गणपतीची मूर्ती, पन्नास माणसांचा मसालेभात, पेटी-तबला, आणि हीथ्रोवर उतरलेल्या सासूबाई त्यांच्या तीन बॅगा आणि लोणच्याच्या बरणीसकट. इंजिन २.३ लिटरचं, चार सिलिंडरांचं. टर्बो आहे हे मला कित्येक वर्षं फक्त मागच्या दारावरच्या अक्षरांवरूनच माहीत होतं.

गाडी आमच्या ह्यांची. हे कौन्सिलमध्ये सिव्हिल इंजिनियर होते आणि ह्यांना नोंदींची भारी हौस. पेट्रोल भरलं की तारीख, मैल, लिटर, पैसे, सगळं एका निळ्या वहीत. १९९८ पासून एकही खाडा नाही. चिरंजिवांनी शिक्षण सोडलं तेव्हापासून घरात एक नवीनच रीत पडली होती. बाप-लेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. "त्याला सांग, आज बिन्स बाहेर ठेवायचेत." "बाबांना सांग, ठेवलेत." दोघंही त्याच खोलीत, तीन फुटांवर! भांडण नव्हतं, आवाज चढवणं नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

अशात एका रविवारी चिरंजिवांनी, अर्थात माझ्यामार्फत, प्रस्ताव मांडला. व्होल्वोच्या इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर बाजूला ठेवायचा आणि स्वतः जोडलेला नवा बसवायचा.

"पण जुन्याला झालंय काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. पण आई, तीस वर्षं झाली. सुटे भाग मिळणं कठीण होत जाणार. आणि तो बंद डबा आहे. आत काय चालतं ते दिसत नाही. मला बघायचंय."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून 'मला अमुक करायचंय' असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण पानही उलटलं नाही. म्हणजे ऐकत होते.

त्याच्या दुकानातल्या मित्रांनी सल्ला दिला, "एवढा खटाटोप करतोयस तर गिअरबॉक्सही मॅन्युअल टाक. ऑटोमॅटिकबरोबर हे काम किचकट होतं." इथे माझा संबंध आला. मी ड्रायव्हिंगची परीक्षा १९९६ मध्ये ऑटोमॅटिक गाडीवर पास झाले आणि या देशात ऑटोमॅटिकवर पास होणाऱ्याला फक्त ऑटोमॅटिकचंच लायसन्स मिळतं. कोल्हापुरात मी लुना चालवली होती. क्लच या वस्तूशी माझी कधी गाठ पडली नाही. मॅन्युअल गिअर टाकला असता तर ती गाडी मला कायमची बंद. चिरंजीव म्हणाले, "ऑटोमॅटिकच राहणार. आई चालवते ती." बस्स. विषय संपला. मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता थोडं शास्त्र. मला समजलं तसंच सांगते.

इंजिनाला हवा आणि पेट्रोल लागतं, आणि ते ठरलेल्या प्रमाणात. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. हवा जास्त झाली तर मिश्रण कोरडं, पेट्रोल जास्त झालं तर ओलं. भाकरीच्या पिठासारखंच. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो दुसऱ्या पंख्याकरवी आत येणारी हवा दाबून भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त हवं, आणि जोर लावताना तर मुद्दाम ओलं मिश्रण द्यावं लागतं, बारा भागांना एक किंवा त्याहूनही ओलं. तिथे कंजूषपणा केला तर मिश्रण नको तेव्हा स्फोटासारखं पेटतं, इंजिनातून खडखड ऐकू येते आणि पिस्टनला भोकही पडू शकतं. म्हणजे हा नुसता पेट्रोलचा हिशेब नव्हता. चुकला तर इंजिनच जाणार होतं.

मूळ गाडीत दोन डबे होते, दोन्ही बॉश कंपनीचे. एक पेट्रोलचा, एक ठिणगीचा. पेट्रोलवाला हवा कशी मोजतो? आत येणाऱ्या हवेच्या वाटेत एक बारीक तापलेली तार असते. हवा जितकी जास्त, तितकी तार गार होते. तिला तापलेली ठेवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन कळतं. गाडी बंद केली की ती तार क्षणभर लालभडक होऊन स्वतःवरची धूळ जाळून टाकते. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर रोज हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

नव्या डब्याचं नाव मेगास्क्वर्ट. ब्रूस बाऊलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन गृहस्थांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो तयार केला, आणि तोही असा की सामान्य माणसाने सुटे भाग आणून घरी सोल्डरिंग करून जोडावा. हा डबा तार वापरत नाही. इंजिनाच्या आत किती दाब आहे, हवा किती गरम आहे आणि इंजिन किती वेगाने फिरतंय, या तिन्हींवरून तो हवेचा अंदाज बांधतो. त्यासाठी हवेचं तापमान सांगणारा एक नवीन सेन्सर बसवावा लागला, कारण तारवाल्या पद्धतीत त्याची गरजच नव्हती.

आणि ऑटोमॅटिकचं काय? इथे आमचं नशीब बलवत्तर. त्याच काळातली टर्बोवाली ऑटोमॅटिक टोयोटा सुप्रा घ्या. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकच कॉम्प्युटर सांभाळतो. तो काढला की गिअर बदलणार कोण? आमच्या व्होल्वोतला आयसिन-वॉर्नरचा गिअरबॉक्स जुन्या वळणाचा आहे. तो तेलाच्या दाबावर चालतो. ॲक्सिलरेटर किती दाबला हे त्याला एक साधी केबल सांगते, आणि चौथ्या गिअरसाठी म्हणजे ओव्हरड्राइव्हसाठी वेगळं बटण आणि रिले. इंजिनाचा मेंदू बदलला हे गिअरबॉक्सच्या गावीही नसतं.

ह्यांनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. त्या मला डिक्टेट केल्या आणि मी फ्रिजवर लावल्या. एक, मूळ वायरिंगमधली एकही तार कापायची नाही. दोन, काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून खोक्यात ठेवायचा. तीन, पुढच्या एमओटीला गाडी पास झाली पाहिजे. नाही झाली तर सगळं होतं तसं परत. विमा कंपनीला मी स्वतः फोन करून बदल कळवला, कारण इथे तो लपवला तर विमा फुकट जातो. प्रीमियम थोडा वाढला. तो मी भरला. घरखर्चात लिहिला नाही.

मग आमच्या डायनिंग टेबलवर सोल्डरिंग सुरू झालं. तीन आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तांदळाच्या दाण्याएवढे रेझिस्टर, त्यांच्यावरचे रंगीत पट्टे, एकेक चिमट्याने उचलून लावायचा आणि मीटरने तपासायचा. मला माझ्या मामांची आठवण आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथ होतं. शाळा सातवीपर्यंत, पण ऑइल इंजिनाचा भाग हातात घेतला की किती झिजलाय ते बोटांनी सांगायचे. लेकाची मान तशीच एका बाजूला कललेली होती. आमच्या घराण्यात हे मामांकडून आलंय आणि युनिव्हर्सिटीच्या मार्कलिस्टात त्याला रकाना नाही, एवढं मला त्या टेबलापाशी कळलं.

अट पहिली पाळण्यासाठी त्याने मूळ डब्यांच्या प्लगमध्ये बसेल असं मधलं वायरिंग वेगळं तयार केलं. मोठ्या प्लगला ३५ पिना. कुठली पिन कुठे जाते याचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला आणि तो वाचत असताना मी टिक करत गेले. बँकेचा ताळमेळ घालण्यापेक्षा हे काम सोपं नव्हतं.

पहिल्यांदा किल्ली फिरवली ती मार्चमधल्या एका शनिवारी. इंजिन फिरलं, शिंकलं, गप्प झालं. फ्लायव्हीलच्या जागी जी चकती असते तिच्यावर साठ दातांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ती रिकामी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, इंजिन आता कुठे आहे. आमच्या डब्याला त्या खुणेबरोबर इतर विजेची कुजबुजही ऐकू येत होती, त्यामुळे त्याचा हिशेब मध्येच तुटायचा. बोर्डावर दोन चिमुकले स्क्रू आहेत, किती मोठा आवाज खरा धरायचा हे ठरवणारे. ते पाव-पाव फेरा फिरवत दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. त्याने स्ट्रोबचा दिवा पुलीवर धरून ठिणगीची वेळ तपासली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज मी ऐकला. ह्यांची.

खरं काम पुढेच होतं. लॅपटॉपवर एक तक्ता उघडतो, १६ आडवे, १६ उभे, २५६ चौकोन. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला दाब. बाहेरची हवा म्हणजे साधारण १००. त्याखाली इंजिन हवा ओढतंय, त्यावर टर्बो हवा भरतोय. प्रत्येक चौकोनात एक आकडा, आणि त्यावर किती पेट्रोल जाणार ते ठरतं. शेजारचे आकडे एकमेकांशी सुसंगत हवेत; मध्येच एक खड्डा किंवा उंचवटा आला की गाडी धक्का देते. मी बघितलं आणि म्हटलं, "अरे, हा तर लेजर आहे!" चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. एका ओळीत ६२, ६४, ५१, ६८ असे आकडे होते. मी ५१ वर बोट ठेवलं. तिथेच गाडी अडखळत होती.

आकडे भरायला गाडी रस्त्यावर न्यावी लागते. एकाने चालवायची, दुसऱ्याने लॅपटॉप सांभाळायचा. दोन्ही एकट्याने करणं धोक्याचं. चिरंजीव लॅपटॉपवर, म्हणून स्टिअरिंगवर मी. रविवारी सकाळी सहा वाजता, थर्मासमध्ये चहा घेऊन, आम्ही मायलेक केनिलवर्थच्या रस्त्यावर. धुराच्या पाइपात बसवलेला नवा सेन्सर मिश्रण ओलं की कोरडं ते सांगायचा.

पहिला प्रश्न निघाला तो ऑटोमॅटिकचाच. 'पार्क'मध्ये इंजिन साडेआठशेच्या वेगाने छान गुणगुणायचं. तो म्हणायचा, "'डी'मध्ये टाक, आई!" मी टाकायची आणि इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा 'डी', पुन्हा बंद. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो. दोन पंखे तेलात समोरासमोर असतात, एक फिरला की तेल दुसऱ्याला ढकलतं. 'डी'मध्ये टाकलं की गाडी उभी असली तरी इंजिनावर ते तेल घुसळण्याचा भार येतो. मूळ कॉम्प्युटर हे गुपचूप सांभाळत होता. नव्याला सांगावं लागणार होतं. गाडी फक्त 'पी' किंवा 'एन'मध्येच सुरू व्हावी म्हणून गिअरपाशी जो स्विच असतो, त्याची खबर त्याने नव्या डब्यापर्यंत पोचवली. आता मी 'डी'मध्ये टाकते त्याच क्षणी डबा हवेची झडप थोडी जास्त उघडतो, भार येण्याआधीच. आठव्या दिवशी मी 'डी'त टाकलं आणि इंजिन हललंसुद्धा नाही. आम्ही दोघं सिग्नलला आल्यासारखे गप्प बसून राहिलो, आणि मग एकदम हसलो.

दुसरा प्रश्न माझ्या पायाचा. तक्त्यातला एकेक चौकोन भरायला वेग आणि दाब काही सेकंद स्थिर ठेवावा लागतो. मॅन्युअलमध्ये गिअर तुमच्या हातात. इथे पाय थोडा जास्त पडला की गिअरबॉक्स स्वतःहून खालच्या गिअरवर उडी मारतो आणि आपण भलत्याच चौकोनात! मेरिडनचा चढ आम्ही इतक्या वेळा चढलो की पुऱ्या तळताना गॅस जेवढा नाजूकपणे फिरवते तेवढाच पाय मी पेडलवर दाबायला शिकले. "तसंच धर, तसंच धर... सोड!" असा त्याचा आवाज. दीडशेच्या दाबापर्यंत आम्ही हळूहळू, आठवड्याला एकेक पायरी वर गेलो. मूळच्या ठिणगीच्या डब्याला खडखड ऐकणारा कान होता; आमच्या साध्या किटमध्ये तो नव्हता. म्हणून चिरंजिवांनी जोराच्या चौकोनांत ठिणगी मुद्दाम उशिरा ठेवली. थोडी ताकद कमी मिळाली. "इंजिन राहिलं पाहिजे," तो म्हणाला. हे वाक्य ह्यांचंच वाटलं मला.

या रविवारांत आमच्या गप्पाही झाल्या. समोर रस्ता असला, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नसलं की बोलणं सोपं जातं. युनिव्हर्सिटीतल्या दुसऱ्या वर्षी तो महिनाभर खोलीबाहेर फारसा पडला नव्हता, हे मला वॉरिकच्या बायपासवर कळलं. मी पाय स्थिर ठेवला.

एमओटीच्या दिवशी मी चालवत होते, चिरंजीव शेजारी आणि मागच्या सीटवर, न सांगता येऊन बसलेले, हे. मांडीवर निळी वही. कॅटॅलिस्ट असलेल्या पेट्रोल गाडीचा धूर इथे इंजिन गरम करून, अडीच ते तीन हजारांच्या वेगावर तपासतात. न जळलेलं पेट्रोल दहा लाखांत २०० भागांच्या आत हवं आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. टेस्टरने पाइपात नळी घातली. त्याच्या पडद्यावरचे आकडे काचेतून आम्हाला दिसत नव्हते. चिरंजीव नखं खात होते. हे भिंतीवरची किमतीची यादी तिसऱ्यांदा वाचत होते.

छापील कागद हातात आला. लॅम्डा १.००. पास.

ह्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला, आणि माझ्याकडे न बघता, सरळ लेकाकडे वळून विचारलं, "हा लॅम्डा म्हणजे नक्की काय?"

तो सांगायला लागला. १४.७ ला एक धरून भागायचं... हे मध्येच थांबवून शंका विचारत होते. मी पैसे भरून आले तरी दोघं पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे. मला चहा हवा होता, पण मी गाडीत जाऊन बसून राहिले.

आता सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. चिरंजीव अजून टायरच्या दुकानातच आहेत. पुढे काय, हे ठरलेलं नाही. बर्मिंगहॅमला २०२१ पासून जुन्या गाड्यांना दिवसाला आठ पौंड पडतात, त्यामुळे तिकडे आम्ही ट्रेननेच जातो. गाडी नवी झालेली नाही, वयाने म्हातारीच आहे. पण बिन्सचे निरोप माझ्यामार्फत जायचे थांबलेत. निळ्या वहीत आता तिघांची अक्षरं आहेत, कारण पेट्रोल भरेल त्यानेच लिहायचं असा नवा नियम आहे. मैलांचा हिशेब पूर्वीइतकाच येतो, हे ह्यांनी तीनदा पडताळून पाहिलंय.

कुणाच्या गॅरेजमध्ये अशी जुनी ऑटोमॅटिक टर्बो उभी असेल आणि घरातल्या मुलाला किंवा मुलीला हात काळे करायची हौस असेल, तर दोनच गोष्टी सांगते. गिअरबॉक्स स्वतंत्र चालतो की इंजिनाच्या कॉम्प्युटरवर, हे आधी बघा. आणि मूळची एकही तार कापू नका. बाकीचं आमच्याकडे येऊन बघा. वायरिंगचा तक्ता मी देईन, चहा हे करतील.